चंद्रोदयाआधीची कमेंट

पौषातल्या संकष्टीला, दिवेलागणीच्या सुमारास, स्वप्नालीची कमेंट आली. "दिसला. जेवले." आणि पुढे हात जोडल्याचं चित्र.

मी नुकतंच देवापुढे निरांजन लावलं होतं. ओट्यावरचा फोन वाजला म्हणून पाहिलं आणि आधी हसूच आलं. बाहेर अजून पुरता काळोखही पडला नव्हता. आमच्या अष्टमी गावच्या पुलावरून धाटावच्या कारखान्यांतली जनरल शिफ्टची माणसं मोटारसायकलींवरून घरी परतत होती. पंचांगात चंद्रोदय नऊच्या पुढचा. मग हिला आत्ता दिसलं तरी काय?

मग हसू गेलं. कारण हा शब्द आमच्यात कोणी गमतीने लिहीत नाही.

आमचा फेसबुकवर एक गट आहे, 'व्रत-वसा, पेण-रोहा' नावाचा. पेणच्या पुतळाकाकू तो चालवतात. रोज सकाळी त्या त्या दिवसाचं व्रत मांडतात आणि खाली आम्ही बायका लिहितो. कोणी नैवेद्याचा फोटो लावते, कोणी रांगोळीचा, कोणी नुसतीच कुरकुर करते की आज साबुदाणा गिजगिजीत झाला. संकष्टीला मात्र एक रीत ठरून गेली आहे. जिला चंद्र आधी दिसेल तिने "दिसला" लिहायचं. आमच्या रोह्याला चहूबाजूंनी डोंगर, चंद्र वर येता येता उशीर होतो. कोणी साखरेच्या गोळ्या घेणारी असते, कोणी अंथरुणाला खिळलेली. त्या दुसरीच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून उपास सोडतात. म्हणून तो शब्द लिहिताना मन स्वच्छ लागतं. आणि स्वप्नाली तर गच्चीवर जाऊन, स्वतः पाहून, अर्घ्य देऊन मगच लिहिणारी. ढग आले तर उपाशी झोपेल, पण ऐकीव "दिसला" लिहिणार नाही.

खाली लगेच बायकांनी तिला धरलं.

"आज पेणात लवकर उगवला वाटतं. गणपतीसारखा चंद्र पण रंगवून ठेवलाय का गो कारखान्यात?" ही वडखळची.

"भूक लागली तर सरळ सांग ना, चंद्राला कशाला मधे घेतेस?" ही नागोठण्याची.

हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी वाट बघत राहिले. स्वप्नाली अशा वेळी गप्प बसणारी नव्हे. वडखळवालीला तिने असं काही सुनावलं असतं की आम्ही आठवडाभर हसलो असतो.

उत्तर आलं, "सॉरी. चुकून झालं."

मी ते पुन्हा वाचलं.

स्वप्नालीला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या चित्रात जास्वंदीचं फूल, माझ्यात आमच्या दारातली तुळस. पण गटात मी पहिला फोटो लावला तेव्हाची गोष्ट सांगते. नैवेद्याचा शिरा होता. सकाळी लावला, दुपार टळली तरी खाली कोणाचं अक्षर नाही. वाटलं, आपण उगाच चारचौघींत जाऊन बसलो आणि कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. फोटो काढून टाकणार, इतक्यात कोणा स्वप्नालीने लिहिलं, "ताई, वेलची घातलीत का नाय ते फोटोत कळत नाय. वास घ्यायला अष्टमीला येऊ का?" मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. त्या दिवसापासून मी एक नेम धरला. देवपूजा झाली की गटातल्या प्रत्येकीच्या फोटोखाली एक ओळ लिहायची. नुसतं 'छान' नाही. तिच्या फोटोत काय आहे ते नीट बघून. समईची वात तिरकी असेल तर तेही. आमच्या ह्यांनी विचारलं, "ह्यातून पुण्य मिळतं का?" म्हटलं, ठाऊक नाही, पण समोरचीला कळतं की आपल्याकडे कोणी पाहिलं.

स्वप्नाली मग मेसेंजरवरही लिहू लागली. पेणात राहते, पापड करून विकते, नवरा हर्षद. "ह्यांना माझं लिहिणं आवडत नाय. म्हणतात, बायकांचा बाजार." एकदा त्याने तिचा फोन भिंतीवर आपटला होता, काच तडकली होती. फोनवर कधी बोलली नाही. तो घरात असला की आवाज ऐकू जाईल म्हणून. आणि आत्ता संक्रांतीच्या आधी तिने लिहिलं होतं, "ताई, सण झाला की गडबला आईकडे जाणार. परत यायचं नाय असं मनात हाय. कोणाला बोलू नका."

मी कोणाला बोलले नव्हते. संक्रांत होऊन गेली होती.

आता तिच्या मागच्या कमेंटी काढून बघितल्या. गेले दोन-तीन दिवस सगळ्यांच्या फोटोखाली तिचं एकच, "छान". "छान". "छान". माझ्या मारुतीच्या रुईच्या माळेखालीसुद्धा "छान". ती माळ उलटी पडली होती, स्वप्नालीच्या नजरेतून सुटली नसती.

मी मेसेंजरवर लिहिलं, "स्वप्नाली, बरी आहेस ना गं?"

क्षणात उत्तर. "हो ताई. बरी आहे. माहेरी आले आहे गडबला."

"आहे" लिहिलं होतं. ती "हाय" लिहायची. पण एवढ्यावरून काय म्हणायचं? माझंच मन भरकटतंय, उपासाने डोकं हलकं झालंय, असं स्वतःला समजावलं. निरांजनाकडे पाहिलं, ते शांत जळत होतं. मग मला एक सुचलं. देवाची क्षमा मागितली आणि खोटाच प्रश्न लिहिला.

"गणपतीला आज तुळस वाहिलीस ना? गेल्या खेपेला विसरलीस म्हणत होतीस."

"हो ताई. वाहिली आज."

मी फोन ओट्यावर ठेवला. संकष्टीला गणपतीला कोणी तुळस वाहत नाही. दूर्वा वाहतात. आमच्या गटातली कालची आलेली सूनसुद्धा हे चुकणार नाही. पलीकडे स्वप्नाली नव्हती. तिचा फोन होता, फूल होतं, नाव होतं, आणि त्यामागे दुसरंच कोणी बसून आम्हाला उत्तरं देत होतं. ज्याला आम्हा बायकांना एवढंच पटवायचं होतं की ती आहे, बरी आहे, तिला कोणी शोधायचं कारण नाही.

मग ती कुठे आहे?

तेवढ्यात तिकडूनच आलं.

"ताई तुमच्या मिस्टरांची आज सेकंड शिफ्ट ना. पुलाजवळ घर तुमचं. घरी एकट्याच असाल. काळजी घ्या."

हे मीच केव्हातरी तिला सांगितलेलं. घर, पूल, शिफ्ट, दाराची कडी सैल झाल्याची तक्रार, सगळं. तुळशीच्या फोटोत आमचं फाटकही दिसतं. तिने लिहिलं असतं तर माया वाटली असती अशीच ती ओळ होती. मी उठून कडी लावली. ती नीट बसली की नाही ते दोनदा ओढून बघितलं. ह्यांना फोन लावला, पण कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत. गेटवरच्या कपाटात तो वाजत राहिला असणार.

मागच्या दाराने मी आमनाकडे गेले. आमना आमच्या भिंतीला लागून राहते. नवरा आखातात, पोरं मोठी, तोंडाने फटकळ. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय गो, चक्कर आली का? खजूर देऊ? नाय, तुमचा चंद्र यायचा हाय ना अजून."

मी तिला फोन दाखवला. आमनाने सगळं वाचलं. तुळशीचं तिला कळलं नाही, पण पहिल्या कमेंटवर तिने बोट ठेवलं.

"चंद्र बघितल्याशिवाय दिसला म्हणाली?"

"हो."

"आमच्यात यावरून भावाभावांची भांडणं होतात, नंदा. उपास धरणारी बाई असं लिहिणार नाय. हे लिहिणाऱ्याला भूक म्हणजे काय ते ठाव नाय." तिने दार लावून घेतलं. "आता त्या फोनवर तिची चौकशी करू नको. वाचणारा तोच हाय."

तेच तर. गटात "स्वप्नाली कुठे आहे" असं एकीनेही लिहिलं असतं तरी त्याने ते वाचलं असतं. आणि मग त्याने तिचं काय केलं असतं, या विचाराशी येऊन माझं मन थांबत होतं, पुढे जात नव्हतं.

मी पुतळाकाकूंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही मधे बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे नवलच. मग म्हणाल्या, "राहते कुठं ती?"

"पेणला."

"पेण काय माझं माजघर हाय? कुठल्या आळीत?"

मला ठाऊक नव्हतं. काकूंनाही नव्हतं. तिच्या तव्याची मूठ मोडलीय हे आम्हाला माहीत होतं, दुधाला कधी विरजण लागत नाही हे माहीत होतं. पत्ता कोणालाच माहीत नव्हता. पापड घेणाऱ्याही बाजारात तिच्या हातून घेत.

काकूंच्या सुनेने मग दुसरा गट काढला, व्हॉट्सअॅपवर, स्वप्नाली सोडून. नाव ठेवलं 'हळदीकुंकू'. संक्रांतीनंतरचे दिवस, कोणाच्या नवऱ्याने पाहिलं तरी काही वाटायला नको. काकूंनी त्यात आवाज पाठवला. "बायांनो, कोणी रडायचं नाय, कोणी मोठ्या गटात बावळटासारखं लिहायचं नाय. स्वप्नालीच्या घराबद्दल जिला जे आठवतंय ते इथं टाका. फालतू वाटलं तरी टाका."

आणि बायकांनी टाकलं. वडखळची म्हणाली, समोर बदामाचं झाड आहे, पापडांवर सावली येते म्हणून त्याला शिव्या देते. कोणी लिहिलं, पोह्यांच्या गिरणीचा भुसा उडून तिच्या वाळवणात बसतो. नागोठण्याच्या बाईला आठवलं की खालचा कारखानेवाला बिनरंगाचे गणपती तिच्या जिन्यातच ठेवतो, चढताना पदर सांभाळावा लागतो. मला तिच्या गच्चीचा फोटो आठवला. निळं पाण्याचं पिंप, आणि मागे टेकडीवर मोबाइलचे दोन मनोरे, एक उंच, एक बुटका. मी त्याखाली तेव्हा लिहिलं होतं, "नवराबायको उभे आहेत जसे."

गडबच्या बाईचं सगळ्यात शेवटी आलं. "तिची आई आमच्या वरच्या आळीत ऱ्हाते. आत्ता पळत जाऊन इचारून आले. स्वप्नाली आलेली नाय. आईच घाबरलीय, चार दिवस फोन कोणी उचलत नाय म्हणते."

आमनाने माझा हात धरला होता.

काकूंचा फोन आला. "गिरणी, बदाम, जिन्यात गणपती. कळलं मला. नदीच्या अंगाची आळी. मी आणि सून निघालो, दोघी-तिघींना घेते. पोलिसांनाही फोन केलाय, येतायत म्हणाले. तू काय कर नंदा, त्याला बोलत ठेव."

"मी?"

"तू नाय तर कोण? तुझ्याशीच बोलतोय ना तो? फोनवर हात हाय तोवर तिच्यावर तर नाय त्याचा."

हे ऐकल्यावर नाही कसं म्हणणार. मी आमनाच्या चटईवर बसले. मनात जप चालूच होता, आणि बोटाने त्या माणसाला लिहीत होते.

"हो गं, एकटीच आहे. म्हणून तर तुझ्याशी बोलते. तुझ्या पापडांचं प्रमाण सांगतेस? उद्या घालीन म्हणते."

मग, "कशाला ताई. नंतर सांगते."

मी तोच प्रश्न मोठ्या गटात, तिच्या त्या "दिसला"च्या खाली लिहिला. सगळ्यांसमोर. "स्वप्नाली पापडाचं प्रमाण देणार आहे, बायकांनो लिहून घ्या." आमच्या बायका काय समजायचं ते समजल्या. एकामागून एक आल्या. किती उडीद? पापडखार किती? मिरी कुटून का भरड? हिंग कुठला? आता गप्प बसला असता तर उठून दिसलं असतं. त्याने लिहिलं, "उडीद एक किलो. पापडखार पाव किलो."

"अगो पाव किलो? तोंडाची सालं निघतील!" वडखळची.

"चुकून. कमी घाला."

"कमी म्हणजे किती? तुझ्या हाताचं माप सांग ना, मागं सांगितलेलंस."

आमना माझ्या खांद्यावरून वाचत होती. "मेल्याला घाम फुटला असंल," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी भीतीने हसलो. एरवी ज्या बायका महिनोन्महिने नुसत्या वाचून जातात, एक अक्षर लिहीत नाहीत, त्याही त्या रात्री आल्या. मला नावंही ठाऊक नव्हती. कोणी पोह्याच्या पापडाचं विचारलं, कोणी लाटणं कुठे मिळतं ते. प्रत्येक उत्तर आलं की मी देवाला म्हणत होते, अजून तो तिथेच आहे, फोनपाशी आहे.

मग मेसेंजरवर, फक्त मला, आलं. "ताई तुम्ही फार प्रश्न विचारता."

मी काही लिहायच्या आत पुढचं. "तुमचं घर मला माहीत आहे."

आता त्यात माया असल्याचा देखावाही उरला नव्हता. बाहेर रस्त्यावर कुठलीशी मोटारसायकल थांबली आणि मी आमनाला बिलगले. पेणहून अष्टमीला यायला वेळ लागतो हे मला कळत होतं, तरी बिलगले. मोटारसायकल पुढे गेली.

आमना म्हणाली, "लिही."

"काय लिहू?"

"काय पन. थांबू नको."

मी लिहिलं, "ये की मग. हळदीकुंकवाला ये. तिळगूळ ठेवलाय तुझा." बोट चुकत होतं, तीनदा खोडून लिहावं लागलं. पाठवलं. पलीकडे ते तीन ठिपके हलू लागले, तो लिहीत होता. हलत राहिले. थांबले. पुन्हा हलले.

आणि बंद झाले.

मी वाट बघितली. मोठ्या गटात बायका विचारत होत्या, "मिरी किती ते सांगितलं नाहीस." उत्तर नाही. कोणी चिडवलं, "झोपलीस का जेवून?" उत्तर नाही. तेवढ्यात खऱ्या कमेंटी सुरू झाल्या. वडखळहून, "दिसला." मग खाडीकडच्या खारेपाटातून, "दिसला". एकीखाली एक. मी उठून पाहायला गेले नाही. काकूंना फोन लावावा तर नेमका त्यांच्या पदराखाली वाजायचा. आमना तिची तसबी ओढत होती, मी माझी माळ. मला वाटत होतं, मी ते "ये की मग" लिहायला नको होतं. त्यानेच तो उठला. उठून तिच्याकडे गेला. माझ्या त्या एका ओळीने.

किती वेळ गेला कोण जाणे. फोन वाजला तेव्हा तो आमनानेच उचलला, माझ्या हातून सुटला होता. तिने तो मोठ्या आवाजावर केला.

"नंदा," पुतळाकाकू धापा टाकत होत्या, "हाय. जिवंत हाय."

मला रडू आलं नाही. मी आमनाकडून फोन घेतला.

काकूंनी त्या रात्री जे सांगितलं आणि नंतर अनेकदा सांगितलं ते असं. त्या आणि तिघी-चौघी हळदीकुंकवाची कोयरी आणि वाणाची पिशवी घेऊन जिना चढल्या. पोलिसांची गाडी वळणावर थांबली होती. दार हर्षदने उघडलं. चांगला स्वच्छ शर्ट, हातात फोन. काकू म्हणाल्या, "स्वप्नालीला हळदीकुंकू लावायला आलोय." तो हसून म्हणाला, "माहेरी गेलीये हो. गडबला."

"असं? फोन घेऊन गेली ना? करते तिला."

"हो, घेऊन गेलीये."

काकूंनी तिथेच दारात उभं राहून, आपल्या फोनवरून, स्वप्नालीच्या त्या कमेंटखाली लिहिलं, "पापड झकास." आणि त्याच्या हातातला फोन वाजला. काच तडकलेला.

"तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतंस," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, काय रे, माहेरी गेलेली बाई फोन नवऱ्याकडं ठेवून जाते व्हय? त्यानं दार लोटलं. माझी सून काय कमी हाय का, तिनं पाय घातला मधे. आरडाओरडा केला तशी खालून पोलीस धावले."

ती न्हाणीघरात होती. बाहेरून कडी. मनगट सुजून काळंनिळं, अंगात ताप. गडबला जायची पिशवी भरून ठेवलेली त्याला सापडली होती. पाणी होतं तिथे नळाला, म्हणून तगली. काकू म्हणाल्या, पहिल्यांदा तिने ओरडून बघितलं, पण गिरणी चालू असली की त्या आळीत कोणाचं कोणाला ऐकू जात नाही.

आमचे हे शिफ्टवरून परतले तेव्हा मी आमनाच्याच घरी होते. त्या रात्री मी काही खाल्लं नाही. सकाळी देवपूजा उरकली आणि पहिल्या एसटीने निघाले. आमना म्हणाली, "मी येते," आणि आली. भिसे खिंडीत धुकं होतं. नागोठणं, गडब, वडखळ. गडबच्या फाट्यावर एसटीत एक म्हातारी चढली, डबा पोटाशी धरून. नंतर दवाखान्याच्या दारात तीच पुढे निघाली तेव्हा कळलं, ती स्वप्नालीची आई. सगळ्या वाटेने आमच्या मागच्याच बाकावर होती, आणि आम्हाला माहीत नव्हतं.

पेणच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाबाहेर एक महिला पोलीस बसली होती. तिने म्हातारीला आत सोडलं, आम्हाला थांबवलं.

"तुम्ही कोण तिच्या?"

"मी नंदा. अष्टमीहून आले."

"नातं?"

आमना म्हणाली, "मैत्रीण हाय."

"किती वर्षांची ओळख? शेवटचं कधी भेटलात?"

"भेटले नाही कधी," मी म्हटलं.

तिने मान वर करून पाहिलं. मग विचारलं, "ते तुळशीचं विचारलं ते तुम्हीच का?" मी हो म्हटलं. "तुमचा जबाब लागेल. नाव, पत्ता, सगळं पूर्ण. तो जामिनावर सुटू शकतो, हे आधीच सांगते. घरी विचारायचं असेल तर विचारून या."

माझं घर त्याला माहीत होतं. ती ओळ अजून माझ्या फोनमध्ये होती. आमना माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "विचारायचं काही नाही. लिहून घ्या." आणि पूर्ण नाव, घर, आळी, पुलाच्या कुठल्या बाजूला, तेही सांगितलं. आवाज इतका खाली गेला होता की तिने दोनदा "जरा मोठ्याने" म्हटलं.

मग आत गेले. खिडकीजवळची खाट. मी मनात जी स्वप्नाली धरली होती ती उंच, हसऱ्या तोंडाची होती. ही अगदी बारीक, केस विस्कटलेले, हात प्लास्टरमध्ये. आई तिला पेज भरवत होती. मी खाटेपाशी जाऊन तिच्या खांद्याला हात लावायला गेले, तशी ती दचकली आणि भिंतीकडे सरकली. डोळे असे झाले की मी हात मागे घेतला. तिच्यासाठी मी एक अनोळखी बाई होते, अचानक अंगाजवळ आलेली.

मी तिथेच उभी राहिले. रोज किती ओळी लिहिल्या होत्या तिला.

"स्वप्नाली," मी म्हटलं, "मी नंदाताई. शिऱ्यात वेलची होती गं."

ती बघत राहिली. ओळख पटायला वेळ लागला. चेहऱ्यावरची भीती सगळी गेली नाही, ती अजून बरेच दिवस जाणार नव्हती, तिचीही आणि माझीही. पण तिने आईच्या हातातला चमचा बाजूला केला, पाय हळूहळू आखडून घेतले आणि मला बसायला जागा करून दिली.